साळुंकीची पाच पिसं



चातुर्मासात लिहिणं जरा मागं पडलं. सोळं-उपवासांची घाई, मंदिरातले कार्यक्रम, त्यात धाकटीची चाचणी परीक्षा. पण एक गोष्ट श्रावणापासून मनात अडकून बसलीय, ती आज लिहूनच टाकते. गोष्ट आमच्या परसातल्या एका टकल्या साळुंकीची आहे. आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा माझ्या आगाऊपणाची जास्त आहे.

आमचं परस फार मोठं नाही. एक पेरू, एक शेवगा, कढीलिंब, जास्वंदीची दोन झाडं आणि भिंतीवर पसरलेला मधुमालतीचा वेल. भिंतीवर पाण्याचं मातीचं पसरट भांडं आणि त्याच्या शेजारी एक फुटकी थाळी, एवढीच आमची पक्ष्यांची सोय. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई (अख्खं घर त्यांना अक्काच म्हणतं), सकाळचा स्वाध्याय झाला की मागच्या सोप्यात खुर्ची टाकून बसतात. कोण आलं, कोण भांडलं, कोणी कुणाच्या तोंडचं पळवलं, सगळी खबर त्यांच्याकडं असते.

श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी हाक मारली, "अगं ए, इकडं ये. माताजी आल्यात बघ." मला वाटलं खरंच कुणी माताजी विहार करत आल्या. मी पदर सावरत, ओले हात पुसत धावत बाहेर. बघते तर थाळीजवळ साळुंकी! अंगभर पिसं व्यवस्थित, पंखांवरचा पांढरा पट्टाही ठीक, पण डोक्यावर एक पीस नाही. पिवळीधमक कातडी, बाजूला कानाचं भोक दिसतंय, मान बोटाएवढी बारीक. नुकताच केशलोच झाल्यासारखी. अक्कांना हसू आवरेना. मी मात्र हसले नाही. मला ते डोकं बघून कसंतरीच झालं.

त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी आम्ही हस्तिनापूरच्या यात्रेला गेलो होतो, तेव्हा दिल्लीला लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरात दर्शन घेतलं. त्या मंदिराच्या आवारातच पक्ष्यांचा धर्मादाय दवाखाना आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. पतंगाच्या मांज्यानं कापलेली, पंख्याला धडकलेली कबुतरं ओळीनं पिंजऱ्यांत. बरा झालेला पक्षी परत सोडून देतात. शिकारी पक्ष्यांना तिथं मुक्कामाला ठेवत नाहीत, औषधपाणी करून परत पाठवतात. मांसाहारी पक्षी इतरांच्या शेजारी कसा ठेवणार आणि त्याला खायला काय देणार? तो दवाखाना पाहिल्यापासून माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, पक्षी दुखणाईत दिसला की धरायचा आणि औषध करायचं. जीवदया म्हणजे तेच, अशी माझी पक्की समजूत.

शेजारच्या वैनींनी निदान लगेच केलं. "उवा झाल्यात तिला. आमच्या भावाच्या पोल्ट्रीत कोंबड्यांना होतात तशा." मग पोल्ट्रीचं साहित्य मिळतं त्या दुकानातून मी उवांच्या पावडरीचा डबा घेऊन आले. डबा ओट्यावर ठेवला आणि मगच मला उमगलं की मी काय आणलंय.

उवा म्हणजे तीन इंद्रियांचे जीव. पाठशाळेत पहिल्याच पुस्तकात शिकलेलं असतं, मुंगी, ऊ, ढेकूण. साळुंकी पंचेंद्रिय. एका पंचेंद्रिय जीवासाठी शेकडो तीन इंद्रियांचे जीव मारायचे, तेही मुद्दाम, डबा विकत आणून. शेतात, स्वयंपाकात, चालण्या-झाडण्यात नकळत होणारी हिंसा वेगळी आणि ही वेगळी.

तुम्ही म्हणाल, एवढा विचार कशाला? तर सांगते. दोन वर्षांपूर्वी धाकटीच्या डोक्यात शाळेतून उवा आल्या. आमच्या लहानपणी आजी बारीक फणीनं उवा काढायची, त्या कापसाच्या बोळ्यात घ्यायची, बरोबर दोन-चार केस ठेवायची आणि बोळा परड्यात सावलीला नेऊन ठेवायची. नखावर ऊ चिरडलेली आमच्या घरात मी पाहिली नाही. धाकटीच्या वेळी अक्कांनी तसंच करायचं ठरवलं. खोबरेल तेल चोपडून फणी फिरवायची, रोज तासभर. (तेलानंही उवा गुदमरतात, हे अक्कांना कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.) आठ दिवस झाले तरी पोरीचं डोकं खाजवून लाल. बाईंची चिठ्ठी आली, उवा गेल्याशिवाय पाठवू नका. शेवटी एका दुपारी अक्का झोपल्यावर मी औषधाचा शाम्पू लावला, दहा मिनिटं थांबले आणि डोकं धुऊन टाकलं. न्हाणीघराच्या जाळीत काय वाहून गेलं ते मी बघितलं नाही. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले तेव्हा मन कुठंच लागेना.

म्हणजे पोरीसाठी जे केलं ते साळुंकीसाठी करायला माझे हात थरथरत होते. आणि साळुंकीसाठी नको म्हटलं, तर मग पोरीसाठी केलं ते कसं चाललं? उत्तर मला तेव्हाही आलं नाही.

पण माणूस असं असतं बघा, उत्तर नसलं तरी हात गप्प बसत नाहीत. पंधरा दिवस गेले, डोकं तसंच. माझी खात्री झाली, ही मरणार. दशलक्षण पर्व सुरू झालं होतं. तिसऱ्या दिवशी, हे मंदिरात आणि अक्का शेजारच्या खोलीत जपमाळ घेऊन बसलेल्या असताना, मी आणि धाकटीनं मिळून दुरडी घेतली, एका काठीवर तिरकी टेकवली, काठीला सुतळी बांधली आणि खाली भाताची मूठ ठेवली. तिसरा दिवस म्हणजे उत्तम आर्जव. सरळपणाचा, कपट न करण्याचा धर्म. सकाळी त्याच विषयावर प्रवचन ऐकून आले होते आणि दहा वाजता सापळा लावून दाराआड बसले होते!

साळुंकी आली. जोडीदार बरोबर होता, तो लांबच राहिला. ही आत शिरली, धाकटीनं सुतळी ओढली, दुरडी पडली. मी धावत जाऊन एका बाजूनं दुरडी उचलून हात घातला. आत नुसता पंखांचा फडफडाट आणि तो कर्कश आवाज. हाताला शेपूट लागली, मी धरली. पुढच्या क्षणी साळुंकी भिंतीवरून पलीकडं आणि माझ्या मुठीत पिसं. मोजली. पाच. काळसर, टोकाला पांढरी. धाकटी रडायला लागली. पावडरीचा डबा तसाच बंद, पायरीवर.

अक्का बाहेर आल्या. दुरडी बघितली, माझा हात बघितला. मला वाटलं आता बोलणार. त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "पिसं खाली ठेव आधी. आणि पाणी पी." त्या दिवशी माझं एकासन होतं, पाणी घेऊन झालं होतं, ते त्यांनाही ठाऊक. पण तसं म्हणाल्या.

संध्याकाळी मी आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. शांत माणूस, रागावले नाहीत, पण जे सांगितलं ते रागावण्यापेक्षा लागलं. पीस म्हणजे आपल्या केसा-नखासारखीच वस्तू, केराटिनची. वापरून झिजतं, फाटतं, म्हणून बहुतेक पक्षी वर्षातून एकदा ते सगळं बदलतात. विणीचा हंगाम संपला, पिल्लं उडाली की मग. साळुंकीची पिल्लं उन्हाळ्या-पावसाळ्यात होतात, म्हणजे श्रावण-भाद्रपद हा तिचा पिसं बदलायचाच काळ. साधारणतः पिसं थोडीथोडी, दोन्ही बाजूंची बरोबरीनं गळतात, त्यामुळं उडायला अडत नाही आणि आपल्याला कळतही नाही. पण एखाद्या पक्ष्याच्या डोक्यावरची सगळी एकदम गळतात आणि तो महिनाभर टक्कल घेऊन फिरतो. दिसायला भयंकर, त्याला त्रास फारसा नाही.

"पण उवा?" मी विचारलं. त्या असूही शकतात, म्हणाले. उवा आणि त्यांच्याहून बारीक माइट जवळपास प्रत्येकच रानपक्ष्याच्या अंगावर थोडेफार असतात. पक्षी दिवसभर चोचीनं पिसं साफ करतो तो त्यासाठीच. उन्हात पंख पसरून बसतो, चिमण्या धुळीत लोळतात, तेही त्यासाठी. फक्त एक जागा अशी आहे जिथं त्याची चोच पोहोचत नाही. स्वतःचं डोकं. तिथं तो पायानं खाजवतो, नाहीतर जोडीदार साफ करून देतो. टक्कल कशानं पडलं हे लांबून सांगता येत नाही, वाट बघायची. खाते ना? उडते ना? डोळे स्वच्छ आहेत ना? चोचीवर, पायांवर खपल्या किंवा गाठी नाहीत ना? अंग फुगवून, डोळे मिटून एका जागी बसून राहात नाही ना? मग तिला तिचं करू द्या. आणि पावडर लावली असती तर पिसं साफ करताना तीच पोटात गेली असती.

शेपटीचं विचारायला मला जड गेलं. त्यांनीच सांगितलं. साळुंकीच्या शेपटीत बारा पिसं असतात, पाच गेली तर वळताना, उतरताना तोल सांभाळायला त्रास होणार. पण मुळापासून निघालेलं पीस लगेच नव्यानं उगवायला लागतं. वाईट असतं ते मोडलेलं पीस. ते तसंच अडकून राहतं, पुढच्या वर्षी गळेपर्यंत. "मुळासकट निघालंय ना? मग महिना-दीड महिना द्या," म्हणाले. मी पिसं परत हातात घेऊन बघितली. पाचही मुळासकट होती. त्याचा आनंद मानायचा की काय, तेच मला कळेना.

त्या रात्री अक्कांनी विषय काढला. पिसं मी देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यात ठेवली होती. त्या म्हणाल्या, "महाराजांच्या हातातली पिच्छी कशाची असते?" मी म्हटलं, मोरपिसांची. "कसल्या मोरपिसांची?" गळलेल्या. "मग?"

एवढंच बोलून त्या झोपल्या. अक्का शिकलेल्या चौथीपर्यंत, पण कुठं थांबायचं हे त्यांना बरोबर कळतं. मला मात्र झोप आली नाही.

पिच्छीचं आपल्याला सगळ्यांना माहीत असतं आणि तरी आपण त्यावर कधी विचार करत नाही. मोरपीस धूळ धरत नाही, घाम धरत नाही, मऊ आहे, नाजूक आहे, हलकं आहे, म्हणून मुनींनी ते निवडलं. बसण्याआधी, पुस्तक उचलण्याआधी जागा त्यानं झाडली तर मुंगीलाही इजा होत नाही. पण त्याआधीची अट ही, की ते मोरानं स्वतः टाकलेलं असावं. पावसाळा सरत आला की मोराचा पिसारा आपसूक गळतो. दिवाळीच्या सुमारास, चातुर्मास संपताना, पिच्छी-परिवर्तनाचा सोहळा होतो. दोन्ही गोष्टी एकाच काळात येतात, हे मला लग्नाला बारा वर्षं झाली तरी कधी सुचलं नव्हतं. उमास्वामींना तर गृद्धपिच्छाचार्य म्हणतात, गिधाडाच्या पिसांवरून. पीस कोणतंही असो, ते पडलेलं.

मला एक आठवलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एकदा पुण्याजवळच्या मोराची चिंचोलीला गेलो होतो, शिरूर तालुक्यात. धाकटी तेव्हा बालवाडीत, मोर बघायचा म्हणून आठ दिवस नाचत होती. मोर दिसले, भरपूर. पण एकालाही पिसारा नाही! निळी मान, डोक्यावर तुरा, आणि मागं लांडं. "हे खोटे मोर आहेत," म्हणून तिनं भोकाड पसरलं. आम्ही चुकीच्या महिन्यात गेलो होतो, एवढंच. दीडशेच्या वर लांब पिसं टाकून मोकळा झालेला मोर होता तो, उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा सजणारा. परत येताना चहावाल्याच्या टपरीवर गळलेल्या पिसांची जुडी विकायला होती, ती घेऊन धाकटीला गप्प केलं. तेव्हा त्या मोराकडं बघून याला काही रोग झालाय असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मग साळुंकीच्याच बाबतीत काय झालं? डोकं दिसलं म्हणून? माणसाच्या डोक्यावरचे केस गेलेले बघून आपल्या पोटात जो गोळा येतो, तोच पक्ष्याच्या डोक्याला लावला मी.

दुसऱ्या दिवशी अक्कांना म्हटलं, पण मुनी-माताजी केस तर उपटतातच की, केशलोचात. दोन, तीन, फार तर चार महिन्यांनी. अक्का म्हणाल्या, "स्वतःचे. दुसऱ्याचं घ्यायचं तर गळलेलं. स्वतःचं द्यायचं तर उपटून." मग भाजी निवडायला लागल्या. (चातुर्मासात पालेभाजी नाही, तेव्हा भेंडीच होती.)

पक्ष्यांच्या पिसांच्या बाबतीत फसलेली मी एकटी नाही, हे सांगून जरा मन हलकं करते. आमच्या ह्यांनी गेल्या वर्षी जास्वंदीवरचा जांभळा शिंजीर मेला असं जाहीर केलं होतं. उन्हात काळानिळा चमकणारा तो एवढासा पक्षी दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी पोटाला पिवळट, छातीवरून खाली एक काळी रेघ ओढलेला दुसराच कोणीतरी यायला लागला. तो दुसरा नव्हताच. विणीनंतर नर शिंजीर आपले चमकदार कपडे उतरवून जवळजवळ मादीसारखा साधा होतो, फक्त ती काळी रेघ ठेवतो. पुढं परत चमकायला लागला तेव्हा हे म्हणाले, नवीन आला वाटतं.

आणि माहेरी, जयसिंगपूरला, अण्णांच्या भुसार दुकानात एकदा कबरी चिमणी यायची. डोकं आणि एक पंख पांढरा, बाकी नेहमीची. गोण्यांवर सांडलेली ज्वारी टिपायला रोज यायची. लोक बघायला यायचे. कुणी म्हणायचं शुभ, कुणी म्हणायचं पूर्वजन्मीचा कोणी पुण्यात्मा. एकानं तिला पकडून देण्याचे पैसे विचारले होते, अण्णांनी त्याला दुकानातून हाकललं. आजी म्हणायची, "नामकर्म. काळं-गोरं सगळं त्याचंच देणं." शाळेतल्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, रंगद्रव्य कमी. सगळा पक्षी पांढरा आणि डोळेही लालसर असतील तर रंगद्रव्य मुळातच नाही. डोळे काळे आणि काही पिसंच पांढरी असतील तर ते तिथल्या पिसांत उतरलं नाही. काळ्या रंगद्रव्यानं पिसाला बळकटीही येते, म्हणून पांढरी पिसं लवकर झिजतात. मला आजीचं आणि बाईंचं बोलणं एकमेकांविरुद्ध कधी वाटलं नाही. एकीनं का म्हणून सांगितलं, दुसरीनं कसं ते.

डॉक्टरांच्या त्या फोनमध्ये आणखी एक गोष्ट निघाली, ती मात्र थेट आमच्या थाळीवर आली. युरोपातल्या शहरांत निकृष्ट खाण्यावर वाढलेल्या कावळ्यांच्या पंखांत पांढरट, कमजोर पिसं दिसतात म्हणे. चांगलं खायला मिळालं की पुढच्या खेपेला पिसं नीट येतात. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन, ते ब्रेडवर कुठून उगवणार? आणि आमच्या थाळीत काय असायचं? शिळी खारी, टोस्टचा चुरा, मुलांनी टाकलेली शेव. आपल्याला नको ते पक्ष्याला, आणि वर दान केल्याचं समाधान. पिसं उगवायच्या काळात साळुंकीला किडे, नाकतोडे, अळ्या लागतात. ते मी देऊ शकत नाही, देणारही नाही. आमच्या झाडांवर कसली फवारणी होत नाही, तिचं तिनं बघावं. मी खारी-शेव बंद केली. आता पेरूची फोड, पपई, बिनमिठाचा मऊ भात, एवढंच.

आणि पाणी. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. आपल्या घरात पाणी गाळल्याशिवाय घोट घेत नाही, जिवाणी परत जपून सोडतो, गाळलेलं पाणीही अठ्ठेचाळीस मिनिटांनी परत गाळावं हे सुनेला पहिल्या दिवशी सांगतो. आणि पक्ष्यांच्या भांड्यात? मी गाळूनच घालायची, पण दोन-दोन, तीन-तीन दिवसांनी. कडेला हिरवं शेवाळ, तळाशी विष्ठा, आणि एकदा निरखून बघितलं तर डासांच्या अळ्या वळवळत होत्या. म्हणजे तिथं जीव मीच निपजवत होते आणि मग ओतून मीच मारत होते. शिवाय एका पक्ष्याचा आजार दुसऱ्याला लागायला असंच घाण भांडं पुरतं. साळुंकीच्या डोक्याची काळजी करणाऱ्या बाईनं त्या भांड्यात कधी हात घातला नव्हता! आता रोज सकाळी पाणी बदलते, भांडं नारळाच्या शेंडीनं घासते आणि तासभर उन्हात पालथं घालते. दोन भांडी केलीत, एक वाळतं, एक भरतं. कधी खरोखर आजारी पक्षी दिसला, डोळे सुजलेला किंवा तोंडावर गाठी आलेला, तर थाळी आणि भांडं दोन आठवडे उचलूनच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. गर्दी झाली की आजार पसरतो. तुम्हीही लक्षात ठेवा.

साळुंकी आठ दिवस आली नाही. दशलक्षणाचे उरलेले दिवस मी पूजेत होते आणि लक्ष भिंतीवर. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांची हाक आली, या वेळी हळू, "आल्या."

भिंतीवर, थाळीपासून लांब. शेपूट एका बाजूला विरळ, बसताना जरा झोकांडी जायची. डोक्यावर मात्र काळे बारीक खुंट आले होते, दोन दिवसांच्या दाढीसारखे. जोडीदार शेजारी बसला, हिनं मान खाली घातली आणि तो तिच्या डोक्यावरून चोच फिरवायला लागला. अगदी हळू, एकेक खुंट धरून. नवीन पीस पातळ आवरणात गुंडाळून येतं, ते आवरण सोलावं लागतं, आणि डोक्यावरचं तिचं तिला जमत नाही. मध्येच त्यानं काहीतरी टिपलं आणि गिळलं. ऊ असणार. मी अक्कांकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "ते त्याचं. तुझा हात नाही ना त्यात? मग बघ गप."

क्षमावाणीला आपण सगळ्यांची क्षमा मागतो. फोनवर, दारात, व्हॉट्सॲपवर तर शेकड्यानं. मी परसात जाऊन उभी राहिले. धाकटीनं विचारलं, तिला कळतं का? मी म्हटलं, माहीत नाही. ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, सुतळी मी ओढली होती.

आता कार्तिक लागलाय. डोकं पूर्ण काळं झालंय, चकाकतं. शेपटीची पिसंही आली, फक्त एक अजून इतरांपेक्षा आखूड आहे, त्यावरून मी तिला ओळखते. ते आखूड पीस वाढलं की मग ओळखता येणार नाही. थाळीवर येते, पण मी दारात असले तर येत नाही. अक्का खुर्चीत बसल्या असल्या तर त्यांच्या पायाशी येते. धाकटीला याचा फार राग येतो. मला येत नाही.

पाच पिसं अजून कोनाड्यात आहेत. टाकवत नाहीत आणि ठेवूनही बरं वाटत नाही. आणि पावडरीचा डबा माळ्यावर. दुकानदाराला परत द्यावा तर तो दुसऱ्याला विकणार. वैनींनी त्यांच्या कुत्र्यासाठी मागितला, पण दुसऱ्याच्या हातून करवणं हेही करण्यासारखंच. ओढ्यात टाकावा तर तिथले जीव. ह्यांनी परवा माळा आवरताना विचारलं, "हे काय आहे? टाकू का?" मी म्हटलं, राहू दे तिथंच, विचार करून सांगते. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर कळवा.